जुन्या प्रोग्रॅमसाठी तारखा जतन करताना: लिब्रेऑफिस कॅल्क

जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला तक्ता द्यावयाचा असेल, तर रकमांपेक्षा तारखाच अधिक दगा देतात. याच एका कसोटीवर मी लिब्रेऑफिस कॅल्क हा मोफत तक्ता-प्रोग्रॅम (स्प्रेडशीट) वापरून पाहिला. माझ्याकडील प्रोग्रॅम केवळ सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) घेतो आणि आधी महिना, मग दिवस असाच क्रम गृहीत धरतो. त्यामुळे 13 तारखेपासूनच्या नोंदी तो नाकारतो, मात्र 05/04 अशी लिहिलेली 5 एप्रिलची नोंद निमूटपणे 4 मेच्या नावावर टाकतो. वर्षातील 132 तारखा अशा विनातक्रार उलटू शकतात, आणि नाकारलेल्या नोंदींपेक्षा या स्वीकारलेल्या नोंदी हुडकणेच जास्त त्रासाचे असते.

कॅल्क तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवते आणि तिचे दिसणारे रूप वेगळे ठेवते, ही त्याची मोठी जमेची बाजू. रकान्याचे रूप आधी महिना-दिवस-वर्ष असे बदलावे आणि सीएसव्ही जतन करताना ‘सेव्ह सेल कंटेंट अ‍ॅज शोन’ ही खूण कायम ठेवावी, म्हणजे पडद्यावर दिसते तेच फाइलमध्ये उतरते. अडचण येते ती तारीख मुळातच मजकूर म्हणून आलेली असेल तेव्हा, कारण मग रूप कितीही बदलले तरी रकाना जागचा हलत नाही. कंट्रोल आणि एफ8 दाबल्यावर संख्या निळ्या व मजकूर काळा दिसतो. त्यानंतर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये रकान्याचा प्रकार दिवस-महिना-वर्ष असा सांगितला की मजकुराची खरी तारीख होते. इतकी उपयोगी सोय मेनूत खोलवर दडलेली असावी, हे मला पटत नाही.

एक्सेल 97–2003च्या एक्सएलएस स्वरूपात तारीख संख्या म्हणूनच जात असल्याने क्रमाचा घोळ टळतो, परंतु मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू होते हे पाहावे लागते. लोटस 1-2-3 या जुन्या तक्ता-प्रोग्रॅमकडून वारशाने आलेला, प्रत्यक्षात नसलेला 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस एक्सेल मोजते. कॅल्कची मोजणी 30 डिसेंबर 1899पासून धरलेली असल्यामुळे 1 मार्च 1900पासून दोघांचे आकडे जुळतात. सगळ्याच तारखा 1,462 दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने सरकल्या असतील, तर मूळ फाइल 1904पासून मोजणारी आहे असे खुशाल समजावे. ती मोजणी कॅल्कच्या पर्यायांत निवडता येते. या स्वरूपात 65,536 ओळींपलीकडे मात्र जाता येत नाही.

जुना प्रोग्रॅम डीबेस (जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या स्वरूपातील) फाइल वाचत असेल, तर माझी पसंती तिलाच राहील, कारण तीत तारीख वर्ष, महिना, दिवस अशा आठ अंकांतच लिहिली जाते आणि दुसऱ्या अर्थाला जागा उरत नाही. सीएसव्हीच द्यावी लागत असेल, तर जतन केलेली फाइल कॅल्कमध्ये नव्हे, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून तपासावी; कॅल्क ती पुन्हा आपल्याच पद्धतीने वाचते आणि नेमकी चूक झाकली जाते.