धंद्यातला एकटेपणा : मेंटॉर, कोच की बरोबरीच्या उद्योजकांचा गट?

पगाराची तारीख जवळ येते, खात्यात पुरेशी रोकड नसते, आणि ही गोष्ट सांगायला माणूस सापडत नाही. कर्मचाऱ्यांना सांगितलं तर ते दुसरी नोकरी शोधू लागतील. ग्राहकाला कुणकुण लागली तर पुढची ऑर्डर थांबेल. गुंतवणूकदार हात आखडता घेईल, आणि घरच्यांना सांगावं तर त्यांची झोप उडेल. उद्योजकाभोवती माणसं भरपूर असतात. पण प्रत्येकाचं त्याच्या धंद्यात काही ना काही गुंतलेलं असतं, त्यामुळे प्रत्येकासमोर थोडंथोडं झाकून ठेवावं लागतं. एकटेपणा तिथे सुरू होतो.

आणि झाकून ठेवलेल्या जागेत स्वतःवरचा संशय झपाट्याने वाढतो. 'मला हे जमतच नाही, आजवर नशिबाने निभावलं, एक दिवस सगळ्यांना कळेल,' हा विचार ओळखीचा वाटत असेल, तर पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं आहे. त्यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया आपापल्या क्षेत्रात चांगल्या यशस्वी होत्या, तरीही आपण लोकांना फसवतो आहोत असं त्यांना वाटत होतं. उद्योजकाच्या बाबतीत यात एका गोष्टीची भर पडते. स्वतःच्या धंद्याची उधारी, चुकलेली भरती, परत आलेला माल हे सगळं त्याला आतून दिसतं. दुसऱ्याच्या धंद्याची फक्त दर्शनी बाजू दिसते. ही तुलना मुळातच चुकीची आहे, पण एकट्या बसलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो. अमेरिकेत मायकल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २४२ उद्योजकांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ४९ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक आरोग्याचा त्रास झाल्याचं सांगितलं. उद्योजकांनी स्वतः दिलेल्या माहितीवरचा हा आकडा आहे, म्हणून तो जगभर जसाच्या तसा लावू नये. पण 'फक्त मलाच असं होतं' हे वाक्य खोडून काढायला तो पुरेसा आहे.

मग बोलायचं कुणाशी? या दुखण्यावर माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडतो तो बरोबरीच्या उद्योजकांचा छोटा, नियमाने भेटणारा गट. पण तो प्रत्येक अडचणीचं उत्तर नाही, आणि कसाही जमवलेला गट तर अजिबात नाही.

मेंटॉर आणि गट

बहुतेकांचा गोंधळ या दोघांत होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मेंटॉर म्हणजे तुमच्या वाटेवरून आधी गेलेला माणूस. निर्यातीची कागदपत्रं कशी करायची, पहिला विक्री व्यवस्थापक कधी नेमायचा, भागीदारीचा करार कुठे फसतो, अशा 'कसं करू?' या प्रश्नांना त्याच्याइतकं नेमकं उत्तर कुणी देणार नाही. तुमची अडचण माहितीच्या अभावाची असेल तर थेट मेंटॉर शोधा. गटात सहा महिने चर्चा करून जे कळेल ते तो अर्ध्या तासात सांगेल.

स्वतःवरच्या संशयावर मात्र मेंटॉर कमी पडतो. त्याची भीती जुनी झालेली असते. वीस वर्षांपूर्वी त्याचीही झोप उडाली होती, पण आज तो ती गोष्ट सांगतो तेव्हा शेवट माहीत असल्यामुळे तिच्यातली अनिश्चितता निघून गेलेली असते. शिवाय त्याच्यासमोर आपण चांगलं दिसायची धडपड करतो, कारण पुढे त्याच्या ओळखीने एखादा मोठा ग्राहक किंवा गुंतवणूकदार मिळेल अशी आशा असते. म्हणजे इथेही झाकपाक आलीच.

बरोबरीच्या माणसाची भीती आजची असते. त्याचीही वसुली याच महिन्यात अडकलेली असते. तो 'होईल सगळं नीट' म्हणत नाही. 'माझंही असंच अडकलंय, मी परवा अमुक करून पाहिलं' म्हणतो. आणि गटाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फायदा वेगळाच आहे : तिथे तुम्हाला द्यावंही लागतं. मेंटॉरकडे तुम्ही कायम घेणारे असता. गटात दुसऱ्याचा प्रश्न ऐकताना लक्षात येतं की यातून आपण गेलो आहोत, आपल्याला यातलं कळतं. तुमच्या सांगण्याचा कुणाला खरोखर उपयोग झाला, की 'मला काही येत नाही' या समजुतीला कौतुकापेक्षा मोठा तडा जातो. कौतुक नाकारता येतं, पण समोरच्याचं सुटलेलं काम नाकारता येत नाही.

याचा धंद्यालाही फायदा होतो का? चीनमधल्या नानचांग शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी २,८२० तरुण कंपन्या घेऊन मोठा प्रयोग केला. काही कंपन्यांच्या मालक-व्यवस्थापकांचे सोडत पद्धतीने छोटे गट केले. ते वर्षभर महिन्यातून एकदा भेटले. बाकीच्यांच्या भेटी झाल्या नाहीत. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : भेटणाऱ्यांची उलाढाल ८.१ टक्क्यांनी वाढली, नफाही वाढला, आणि भेटी थांबल्यावर वर्षभरानेही परिणाम टिकून होता. यातली आणखी एक नोंद गट जमवणाऱ्याने लक्षात ठेवावी. एकमेकांचे स्पर्धक नसलेले लोक उपयोगाची माहिती जास्त मोकळेपणाने वाटून घेत होते. म्हणून गटात एकाच ग्राहकामागे धावणारे दोघे नकोत, मग ते कितीही जुने मित्र असोत.

समोर कोण बसलं आहे यावरही बरंच ठरतं. भारतातल्या १०० स्टार्टअप संस्थापकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संस्थापकांच्या जोड्या लावून माणसं सांभाळण्याविषयी एकमेकांचा सल्ला घ्यायला लावला. नियमित बैठका, ठरलेली उद्दिष्टं आणि कर्मचाऱ्यांना वेळोवेळी अभिप्राय अशी शिस्त पाळणाऱ्याचा सल्ला ज्यांना मिळाला, त्यांच्या कंपन्या दोन वर्षांनी, ढिसाळ पद्धतीच्या जोडीदाराचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा २८ टक्के मोठ्या झाल्या होत्या. गट निवडताना 'माणसं छान आहेत' एवढं पुरत नाही, ते यामुळेच.

कोच

कोचला पैसे मोजावे लागतात, आणि चांगला कोच तुमच्या एखाद्या सवयीवर नेटाने काम करून घेतो : नाही म्हणता न येणं, काम दुसऱ्यावर न सोपवणं, निर्णय लांबवणं. तो पूर्ण लक्ष तुमच्याकडे देतो, जे गटात शक्य नसतं. पण हा व्यवसाय कुणालाही सुरू करता येतो, त्यामुळे माणूस पारखून घ्या. आणि एकटेपणा हीच मुख्य तक्रार असेल, तर पैसे देऊन मिळालेला एक श्रोता ती पूर्ण मिटवत नाही.

स्वतः जमवलेला गट की पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व?

दोन्ही प्रकार जुने आहेत. १७२७ मध्ये फिलाडेल्फियात एकवीस वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाने ओळखीतल्या कामकरी तरुणांना घेऊन 'जुंटो' नावाचा गट काढला. ते शुक्रवारी संध्याकाळी भेटत. ठरलेल्या प्रश्नांच्या यादीत हेही असे : अलीकडे कुणाचा धंदा बुडाला, आणि त्याचं कारण काय कानावर आलं? बुडण्याबद्दल उघडपणे विचारायची ती सोय आजही फार कमी ठिकाणी आहे. सशुल्क प्रकारात १९५७ मध्ये मिलवॉकीत सुरू झालेली, आज 'व्हिस्टेज' नावाने ओळखली जाणारी संस्था प्रशिक्षित सूत्रधाराच्या देखरेखीखाली गट चालवते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'आंत्रप्रेन्युअर्स ऑर्गनायझेशन'च्या सदस्यत्वासाठी वार्षिक दहा लाख डॉलरच्या उलाढालीची अट असते.

सूत्रधार असलेल्या गटाचे पैसे शिस्तीसाठी जातात. भेट रद्द होत नाही, बोलघेवड्याला आवर घातला जातो, गप्प बसणाऱ्याला बोलतं केलं जातं. उलाढाल बऱ्यापैकी असेल आणि वेळ हाच खरा खर्च असेल, तर हा प्रकार घ्यावा. नवख्याने मात्र फी भरण्याची घाई करू नये. पाच ते आठ जण, महिन्यातून एकदा, दोन-अडीच तास, बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही हा करार, आणि दर वेळी एक-दोघांच्या प्रश्नाला पूर्ण वेळ. एवढ्यावर उत्तम गट उभा राहतो. त्यात एक नियम मोठ्या संस्थांच्या गटांकडून जरूर उचला : 'तू असं कर' म्हणायचं नाही, 'माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी असं केलं' एवढंच सांगायचं. उपदेश ऐकला की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. अनुभव ऐकला की विचार करू लागतो.

एकमेकांना ग्राहक मिळवून देणारे नेटवर्किंग गट यात धरू नका. ते विक्रीसाठी चांगले असतील, पण जिथे तुमची पत दाखवायची असते तिथे तुम्ही तुमची अडचण सांगणार नाही.

गटाचा धोका

रडगाणं. अमँडा रोज यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण त्यांच्यात नैराश्य आणि चिंताही जास्त आढळली. मोठ्यांच्या गटातही हे घडताना दिसतं : सगळे एकमेकांना समजून घेतात, हलकं वाटतं, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न तसाच परत येतो. म्हणून भेटीच्या शेवटी प्रत्येकाने एक कृती ठरवावी आणि पुढच्या भेटीची सुरुवात तिच्या हिशेबाने व्हावी. तीन-चार महिन्यांत कुणाचंच काही हललं नसेल तर तो गट सोडलेला बरा.

सगळ्याच शंका खोट्या नसतात, हेही स्पष्ट सांगायला हवं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गांवरच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं की ज्या तुकडीत आधी धंदा केलेले विद्यार्थी जास्त, तिथल्या इतरांनी पुढे कमी धंदे सुरू केले. आणि ही घट प्रामुख्याने न चालणाऱ्या धंद्यांमध्ये होती. म्हणजे अनुभवी सोबत्यांनी कच्च्या कल्पना वेळीच ओळखायला मदत केली असावी. 'मी नालायक आहे' आणि 'या मालाला या किमतीत गिऱ्हाईक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रात्री एकट्याला ती एकच वाटतात. चांगला गट ती वेगळी करून देतो. पहिलं पुराव्यानिशी खोडतो आणि दुसऱ्यावर तुम्हाला आकडे मांडायला लावतो. नुसती पाठ थोपटणारा गट हे काम करत नाही.

निवड करताना

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच. गटातल्या लोकांवर हे ओझं टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. तो आधार उपचाराच्या जोडीला ठेवा, उपचाराऐवजी नको.

तशी स्थिती नसेल, आणि नेमकी कुठे अडचण आहे हे एका वाक्यात सांगता येत असेल, तर मेंटॉर. तीच सवय वारंवार नडत असेल आणि खर्च झेपत असेल, तर कोच. सहसंस्थापक असलेल्यांना वाटतं की आपल्याला यांतलं काहीच नको. पण सहसंस्थापकाशीच बिनसलं की ते बोलायला बाहेरचीच माणसं लागतात, म्हणून दोघांनी वेगवेगळ्या गटांत जावं.

बाकी सगळ्यांसाठी माझी शिफारस गटाचीच, आणि तो तयार मिळायची वाट पाहण्याचीही गरज नाही. ओळखीतल्या, साधारण तुमच्याच टप्प्यावरच्या पण वेगळ्या धंद्यातल्या दोघांना विचारा. त्या प्रत्येकाने आणखी एकाला आणावं. पहिल्या भेटीत ओळखी आणि यशोगाथांमध्ये वेळ घालवू नका; बोलावणाऱ्याने आधी स्वतःची, सध्या खरोखर सतावणारी एक अडचण आकड्यांसकट मांडावी. तो जेवढं उघड बोलेल, साधारण तेवढंच बाकीचे बोलतील.