विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील: नवऱ्याने सोडलेल्या वहिनीसाठी घेतला, त्याचा अनुभव (सांगली जिल्हा)

आधीच सांगते, ज्याच्याविरुद्ध केस आहे तो माझा सख्खा भाऊ आणि जिच्यासाठी धावपळ केली ती माझी वहिनी. नणंद कशाला मध्ये पडली असं आमच्या भावकीत बरेच जण म्हणाले, म्हणू देत. पोरगं आमच्याच घरचं आहे आणि त्याची शाळेची फी थकलेली मला बघवत नव्हती.

भाऊ गलाईच्या धंद्यात. खानापूर-आटपाडीकडच्यांना सांगायला नको, घरटी एकतरी माणूस तामिळनाडू, केरळ असा कुठंतरी सोनं-चांदी गाळायच्या दुकानात असतो, वर्षातनं जत्रेला नाहीतर दिवाळीला गावाकडं येतो. आमचाही तसाच गेला, मग फोन कमी झाले, मग पैसे बंद झाले, आणि मग त्याच्याच बरोबरच्या एकाकडनं कळलं की तिकडं दुसरा संसार मांडलाय. वहिनी पोराला घेऊन माहेरी गेली, माहेर जिल्ह्यातच पण दुसऱ्या तालुक्यात. तिच्या वडिलांनी एका वकिलाकडे चौकशी केली तर त्यांनी सुरुवातीचीच जी फी सांगितली ती ऐकून ते गप घरी आले आणि विषयच बंद केला.

तर ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, विधी सेवा प्राधिकरण म्हणून जे आहे ते 1987 च्या कायद्याने चालतं आणि त्याच्या कलम 12 मध्ये बायकांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे परत लिहिते कारण मलाही दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या, पिवळं रेशनकार्ड पाहिजे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे, जातीचा दाखला पाहिजे. बाईला यातलं काही लागत नाही. नोकरी करणारी असली तरी मिळतो. जिल्ह्याचं ऑफिस जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे विजयनगरला, आणि तालुक्याच्या कोर्टातही तालुका विधी सेवा समिती असते तिथेही अर्ज घेतात. फोनवर विचारायचं असेल तर 15100.

अर्ज साधा आहे. नाव, पत्ता, कशाबद्दल केस करायचीय ते चार ओळीत, आधारची झेरॉक्स. वहिनी लिहिताना थांबली, नवऱ्याचा पत्ता काय लिहू वन्सं म्हणाली, कारण दुकानाचं नाव माहिती पण गल्ली माहिती नाही. तिथल्या बाईंनी सांगितलं आत्ता गावाकडचा पत्ता लिहा, बाकीचं वकील बघतील. एवढं नीट बोललेलं बघून ती जरा सैल झाली, तोपर्यंत कोर्ट म्हणलं की तिचा घसा कोरडा पडायचा.

आता जे आवडलं नाही ते. पहिल्यांदा जे वकील नेमून दिले ते तारखेला यायचे नाहीत, फोन उचलायचे नाहीत, आणि एकदा टायपिंगचे पैसे द्या म्हणाले. कोण, कुठल्या कोर्टात ते लिहीत नाही कारण वहिनीला अजून तिथेच जायचंय. पण हे पैसे द्यायचे नसतात बरं का. वकिलाची फी, टायपिंग, झेरॉक्स, नोटीस काढायचा खर्च सगळं या सेवेतच येतं, आणि पोटगी, घटस्फोट, छळ असल्या प्रकरणात बायकांना कोर्ट फी तर महाराष्ट्रात 1994 पासूनच माफ आहे. आम्ही प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज दिला की वकील बदलून द्या. सचिव म्हणजे न्यायाधीशच असतात. आमच्या अर्जावर दुसऱ्या वकीलबाई मिळाल्या. तुम्हालाही असं झालं तर गप बसू नका, वकील बदलून मागता येतो, त्यात भांडण-तंटा काही नाही.

या दुसऱ्या बाई तरुण आहेत पण हुशार. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुला घटस्फोट पाहिजे का खर्च पाहिजे? वहिनीला दोन्ही एकच वाटत होतं. तिच्या माहेरचे सगळे घटस्फोट टाका, घटस्फोट टाका करत होते. बाई म्हणाल्या घटस्फोटाची घाई नको, आधी पोटगीचा अर्ज. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं 125 कलम, 1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते 144 झालं. यासाठी घटस्फोट लागत नाही, लग्न झालंय, नवरा सांभाळत नाही आणि स्वतःचं भागत नाही एवढं दाखवायचं. कुठल्याही धर्माच्या बाईला चालतं. आणि मुख्य म्हणजे अर्ज बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात करता येतो, नवऱ्याच्या गावी जायला नको. वहिनी माहेरी राहते म्हणून केस माहेरच्या तालुक्यात, नाहीतर प्रत्येक तारखेला पोराला कुठं ठेवायचं हाच प्रश्न झाला असता.

त्याच्याच बरोबर घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा. मला वाटायचं मारहाण असली तरच तो लागतो. तसं नाही, खर्च बंद करणं, दागिने अडकवून ठेवणं हे पण त्यात आर्थिक छळ म्हणून येतं. राहायला घर, घरभाडं, पोराचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. महिला व बालविकासचे संरक्षण अधिकारी असतात त्यांच्याकडेही जाऊ शकता, ते अहवाल तयार करून कोर्टात देतात. एक मात्र आहे, दोन्हीकडे अर्ज केलेत हे दोन्ही कोर्टात सांगायचं, लपवायचं नाही, एकीकडची रक्कम दुसरीकडे धरली जाते.

डागांचं, म्हणजे दागिन्यांचं सांगते. वहिनीचे डाग माझ्या आईच्या कपाटात होते. यादी करायला बसलो तर तिला तोळे आठवत नाहीत, पावत्या कुठल्या असणार. मग लग्नाचा अल्बम काढला आणि एकेका फोटोत बोट ठेवून लिहीत गेलो, हे तिच्या आईने घातलेलं, हे आमच्याकडनं घातलेलं, ही ठुशी तिच्या मामाची. वकीलबाईंनी त्याच फोटोंच्या प्रती अर्जाला जोडल्या. कोर्टाची नोटीस घरी आल्यावर आईने काही न बोलता डबा माझ्या हातात दिला. आईवर माझा राग नाही, तिला लेकाचं तोंड बंद करता येत नव्हतं, कोर्टाच्या कागदाने ते सोपं झालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शपथपत्रात. 2020 साली सुप्रीम कोर्टाने रजनीश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही आपापली मिळकत, कर्ज, खर्च याचं शपथपत्र द्यायचं. त्यात बाईचा महिन्याचा खर्च लिहायचा असतो. वहिनीने पोराची फी लिहिली, रिक्षा लिहिली, दूध, गॅस लिहिला आणि स्वतःच्या खर्चापुढे शून्य टाकलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ताई साबण कुठला वापरता? मोबाईलचा रिचार्ज कोण मारतं? पाळी आली की काय करता? मागच्या वेळी डॉक्टरकडे गेलात तेव्हा पैसे कुणी दिले? वहिनी खाली मान घालून माहेरचा भाऊ देतो म्हणाली. मग भावाकडनं घेतलेले ते पण खर्चच आहेत, लिहा. असं करत करत तो रकाना भरला. मला वाटतं हे एक काम जरी त्यांनी नीट केलं नसतं तरी हातात निम्मीच रक्कम आली असती, कारण बाईने जे मागितलंच नाही ते कोर्ट कुठून देणार.

नवऱ्याची कमाई दाखवणं अवघड. गलाईत पगारपत्रक नसतं, सगळा रोखीचा व्यवहार. दुकानाच्या पाटीचा फोटो, गावाकडचा सातबारा आणि 8अ, पूर्वी तो दर महिन्याला किती पाठवायचा त्याचं वहिनीचं पासबुक, हे सगळं दिलं. व्हॉट्सॲपवर त्याने मलाच लिहिलं होतं की तिला एक रुपया देणार नाही, काय करायचं ते कर. ते पण लावलं, मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं ते त्यांनीच तयार करून घेतलं. तेव्हा असले मेसेज डिलीट करू नका, कितीही राग आला तरी. आणि मला काम नाही, धंदा बसलाय असं नवरा म्हणाला तरी तो सुटत नाही, धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायको-पोराला पोसलंच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे.

वेळ लागतो, हे मान्य करूनच जा. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसात निकाली काढावा असं कायद्यात आहे पण आमच्यात खरी अडचण नोटीस बजावण्याचीच झाली, परराज्यात तो दुकान बदलायचा, पाकीट परत यायचं. शेवटी कोर्टाची परवानगी घेऊन व्हॉट्सॲपवर पण पाठवली, निळ्या टिका आल्या तेव्हा कुठं पुढं सरकलं. तरीही आला नाही तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो. उशीर झाला म्हणून पैसे बुडत नाहीत, त्याच रजनीश-नेहा निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. म्हणूनच म्हणते अर्ज टाकायला उशीर करू नका, आज येईल उद्या येईल करत आमची दोन दिवाळ्या गेल्या त्याचे पैसे कुणी देत नाही.

मधे भावाने निरोप पाठवला, तिला म्हणावं इकडं ये मी सांभाळतो. माहेरचे लगेच हुरळले. वकीलबाई म्हणाल्या की नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल किंवा दुसरी ठेवली असेल तर बाईने त्याच्याकडे जायला नकार देणं हे कायद्याने योग्य कारण आहे, त्याने पोटगी जात नाही. पण हे उत्तर तोंडी नाही, कोर्टात लेखी द्यायचं. दुसऱ्या लग्नाचा गुन्हा वेगळा, दंड संहितेचं पूर्वीचं 494 कलम, आता न्याय संहितेचं 82, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यात लग्नाचे विधी झाले हे सिद्ध करावं लागतं, नुसतं एकत्र राहतात म्हणून भागत नाही. आमच्याकडे तसा पुरावा नाही म्हणून त्यांनी खोटी आशा लावली नाही, हे मला आवडलं.

भावकीतल्या एकाने तोडगा काढला होता, पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहू, नोटरी करू, एकरकमी काहीतरी घे आणि मोकळी हो. अजिबात सही करू नका असल्या कागदावर. असा कागद म्हणजे घटस्फोट नाही, घटस्फोट कोर्टच देतं, काही समाजात रूढी आहे आणि ती सिद्ध करता आली तर तेवढंच वेगळं. त्या कागदात पोटगीचा हक्क सोडला असं लिहून घेतात आणि मग तोच कागद कोर्टात पुढे करतात. लोकअदालतीत तडजोड करायची झाली तरी रक्कम दहादा विचार करून ठरवा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

घटस्फोट पाहिजेच असेल तर हिंदू विवाह कायद्यात सलग दोन वर्षं सोडून राहिलाय हे कारण आहे, दावा बाई राहते तिथे टाकता येतो. नवऱ्याने परराज्यात दावा टाकला तर घाबरून जाऊ नका आणि गैरहजर पण राहू नका, तो इकडे आणायला सुप्रीम कोर्टात अर्ज करता येतो, त्यालाही मोफत वकील मिळतो. हायकोर्टाचं काम पडलं तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय त्यात सांगली, सातारा दोन्ही येतात.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आजचा नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने 80 च्या दशकात परित्यक्ता बायकांना एकत्र करून रस्त्यावर आणलं होतं. माझी आत्या त्या सभांना जायची. तिला पण असंच टाकलेलं होतं, ती शेवटपर्यंत भावाच्या दारात राहिली आणि कुणी तिला कोर्टाची पायरी दाखवली नाही. वहिनीच्या वेळी हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

आता रेटिंग. सेवेला पाचपैकी चार. एक कमी केला तो पहिल्या वकिलामुळे आणि तारखेची खबर आपल्यालाच काढावी लागते म्हणून. केस नंबर घेऊन ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, वहिनी आता स्वतः बघते.

अंतरिम पोटगी मंजूर झालीय, आकडा लिहीत नाही. पहिले काही महिने आले, आता परत थांबलेत. त्यासाठी वसुलीचा अर्ज टाकलाय. हा अर्ज रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत टाकायचा असतो नाहीतर त्या काळाचे पैसे या मार्गाने मिळत नाहीत, बऱ्याच बायका इथेच चुकतात. वॉरंट निघतं, तरीही भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत आत टाकता येतं आणि हुकूम परराज्यातही बजावता येतो. भाऊ आत गेला तर आईला काय सांगायचं हे मी अजून ठरवलेलं नाही, पण अर्जावर साक्षीदार म्हणून माझं नाव आहे आणि ते मी काढणार नाही.

जाणाऱ्यांनी लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स, पोराचा जन्मदाखला, फीच्या पावत्या आणि पासबुक एकाच पिशवीत घालून न्या. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर बरं, दुपारच्या सुट्टीनंतर सगळे कोर्ट हॉलमध्ये असतात आणि बसून राहावं लागतं. तालुक्याला कुणी ऐकून घेत नसेल तर सरळ विजयनगरला जा.