पेशी जपायच्या: सावकाश गोठवून की काचेसारख्या करून?

थंडी पेशीला सहसा मारत नाही, बर्फ मारतो. सावकाश गोठवताना बर्फ आधी पेशीबाहेर धरतो. बाहेरचं द्रावण दाट होतं आणि पेशीतलं पाणी झिरपून बाहेर येतं. १०% डीएमएसओ (बर्फापासून पेशीला वाचवणारं रसायन) घातलेल्या पेशी मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने उणे ८० पर्यंत नेतात, मग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवतात. वेग वाढला तर पाणी आतच अडकून स्फटिक होतात. फार कमी झाला तर पेशी आक्रसते आणि क्षारांच्या दाटपणाने मरते. ही जोखीम असली तरी एकावेळी शेकडो कुप्या भरायच्या तर हीच पद्धत सोयीची.

काचीकरणात बर्फ होऊच द्यायचा नाही; द्रावण इतकं दाट आणि थंड करणं इतकं झटपट की पाणी स्फटिक न होता काचेसारखं घट्ट होतं. १९८५ साली राल आणि फेही या शास्त्रज्ञांनी उंदराचे भ्रूण असे जपून दाखवले. भ्रूणांसाठी १५% इथिलीन ग्लायकॉल, १५% डीएमएसओ आणि ०.५ मोलर सुक्रोज हे मिश्रण नेहमीचं. एक मायक्रोलीटरहून लहान थेंब थेट नायट्रोजनमध्ये बुडवतात. या दाट द्रावणात मिनिटभराहून फार जास्त वेळ गेला तर रसायनच विषारी ठरतं, म्हणून हात सरावाचा हवा.

मानवी स्त्रीबीजासाठी मात्र काचीकरणच निवडावं. सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाच्या या पेशीतलं सगळं पाणी सावकाश गोठवताना वेळेत बाहेर पडत नाही. खरी चूक बहुधा परत आणताना होते: नमुना रेंगाळत तापला तर वाटेतच बर्फ धरतो, म्हणून तो ३७ अंशांच्या सुक्रोज द्रावणात एका झटक्यात सोडावा.