पीटी६ आणि टीपीई३३१: एकाच कामाची दोन इंजिने

उभ्या विमानाच्या पंख्यावरून (प्रोपेलरवरून) इंजिन ओळखावे, असे इंदूरच्या विमानतळावर आमचे वैमानिक काका सांगत. किंग एअर विमानाच्या पीटी६ इंजिनात पंखा फिरवणारे टर्बाइन (गरम वायूने फिरणारे चाक) हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरपासून वेगळे असल्याने सुरू करताना स्टार्टरवर पंख्याचा भार येत नाही, आणि बंद केल्यावर पाती वाऱ्याला धार दाखवत थांबतात. डॉर्नियर २२८ विमानाच्या टीपीई३३१ इंजिनात मात्र पंखा गिअरमार्फत टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्याच दांड्याला जोडलेला; म्हणून पाती सपाट कोनात अडकवूनच ते सुरू होते, आणि बंद झाल्यावर तापलेला दांडा वाकू नये यासाठी पंखा हाताने फिरवावा लागतो. जमिनीवर त्याचा कर्कश आवाज असह्यच! पण उड्डाणात ते आधीच पूर्ण वेगात फिरत असल्याने ताकदीची लिव्हर पुढे सारताच ताकद मिळते. पीटी६ ला क्षणभर वाट पाहावी लागते. आखूड धावपट्टीवर काकांचा कल टीपीईकडेच असे.