लॉसलेस ऐकायचंय: दरमहा वर्गणी भरावी की घरचा साठा करावा?

वायरचा बरा हेडफोन आणि छोटा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी अ‍ॅनालॉग करणारं उपकरण) घेऊन झाला की पुढचा प्रश्न येतोच. लॉसलेस, म्हणजे ध्वनिमुद्रणातलं काहीही न गाळता येणाऱ्या, स्ट्रीमिंगची वर्गणी घ्यावी, की सीडी जमवून, त्या फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता आकार कमी करणाऱ्या फाईल-प्रकारात) उतरवून स्वतःचा साठा करावा? सोलापुरात राहून मी दोन्ही केलंय आणि अजूनही थोडंफार दोन्ही करतो.

आवाजावरून ठरवायचं असेल तर फार डोकेफोड करू नका. एकाच ध्वनिमुद्रणाची सीडी आणि तिचं लॉसलेस स्ट्रीमिंग यांत माझ्या कानाला फरक कळत नाही. सीडीच्याही वरच्या दर्जाला, म्हणजे २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत गेलो तरी नाही. कुणाला कळत असेल तर मी वाद घालणार नाही. ब्लूटूथवरच ऐकणार असाल, तर बहुतेक वेळा दोन्हीकडचा आवाज वाटेत पुन्हा आकसतो.

वर्गणीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. अ‍ॅपलने २०२१मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं. स्पॉटिफायने त्याच वर्षी घोषणा केली, पण प्रत्यक्ष द्यायला २०२५ उजाडलं. नव्या सिनेमांची गाणी, मुलांची फर्माईश, कुणीतरी नाव घेतलेला गायक लगेच ऐकून बघणं, यासाठी वर्गणीला तोड नाही.

पण हा धंदा टिकाऊ किती? दर्जा फुकट मिळू लागल्यावर निव्वळ दर्जा विकणाऱ्यांची दमछाक होणारच. टायडल या लॉसलेस स्ट्रीमिंग सेवेचंच बघा. २०१४मध्ये सुरू झालं, २०१५मध्ये अमेरिकन रॅपर जे-झीने घेतलं, २०२१मध्ये बहुतांश हिस्सा जॅक डॉर्सीच्या स्क्वेअर या पेमेंट कंपनीकडे गेला. २०२४मध्ये त्यांनी महागडी योजना मोडून एकच दर केला आणि ज्या एमक्यूए या फाईल-प्रकाराचा एवढा गाजावाजा केला होता तेही काढून टाकलं. आपल्याकडे रेसो आणि विंक या गाण्यांच्या दोन्ही सेवा २०२४मध्ये गुंडाळल्या गेल्या. लॉसलेससाठी त्यांच्याकडे कुणी जात नव्हतं, पण लोकांनी हौसेने जमवलेल्या याद्या त्यांच्यातही होत्याच.

माझं मत फिरलं ते मात्र एका करड्या ओळीमुळे. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली कन्नड वचनं (लिंगायत संतांच्या छोट्या भक्तिरचना) मी एका यादीत लावून ठेवली होती. सोलापूरकराला वचनांचं वेगळं सांगायला नको, आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत आईला ऐकवावं म्हणून यादी उघडली, तर मधलं एक वचन करडं पडलेलं. नाव दिसतंय, गायक दिसतोय, मिनिटं-सेकंदंही दिसतायत, पण दाबलं तर वाजत नाही. फोनमध्ये उतरवून ठेवलेलं होतं, तेही वाजेना. चौकशी केली तर परवान्याचं उत्तर आलं. हक्क ज्याच्याकडे असतात त्याच्याशी ठरावीक मुदतीचा, ठरावीक देशांपुरता करार असतो. तो संपला की गाणं जातं, आणि उतरवलेली फाईलही त्याच कुलपात असते.

पुढे ते वचन दुसऱ्या संचातून परत आलं. खरखर इतकी घासून काढली होती की तंबोराही पुसट झाला होता. मला हवं होतं ते ध्वनिमुद्रण हे नव्हेच. पण त्या सेवेच्या लेखी नाव तेच, गायक तोच, म्हणजे गाणं तेच. फक्त नवी गाणी ऐकणाऱ्याला याचा फारसा त्रास होणार नाही, हे मान्य. जुनं, कमी खपाचं ऐकणाऱ्यांना होतो, आणि चांगल्या आवाजाचा सोस बऱ्याचदा त्यांनाच असतो.

साठ्यालाही कष्ट आहेत. नवी पेठेत फेरी मारली आणि सीडी मिळाली, ते दिवस गेले. जुन्या सीडी पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवाव्या लागतात, लॅपटॉपला ड्राइव्ह बाहेरून जोडावा लागतो. सीडी उतरवताना नावं नेटवरून आपोआप येतात, पण आपल्या संगीताच्या बाबतीत रागाचं नाव गायकाच्या रकान्यात आणि तबलजी मुख्य कलाकार, असा गोंधळ ठरलेला. ते सगळं हाताने नीट करावं लागतं. मला त्यात आनंद वाटतो, प्रत्येकाला वाटेलच असं नाही. जागेची चिंता मात्र नको. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण तीन-साडेतीनशे एमबी होते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांच्या वर सीडी सहज मावतात.

तुमचं ऐकणं नव्या गाण्यांचं असेल तर वर्गणी घ्या, बिनधास्त. पण गाण्याचं एखादंच ध्वनिमुद्रण जिवाचं असेल आणि दहा वर्षांनीही तेच ऐकायचं असेल, तर मी साठ्याकडे झुकेन. वर्गणी शोधण्यापुरती ठेवावी. आवडलेलं सापडलं की त्याची सीडी मागवावी. डिस्क दोन घ्या आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. आपल्या उन्हाळ्यात आणि विजेच्या चढउतारात एकीवर भरवसा ठेवू नये.