एखा आणि तेहिलीमचं अ‍ॅप: वाचन झकास, बाकी आनंद

आईला आता सिनेगॉगचे जिने चढवत नाहीत, म्हणून तिशा बआवच्या (यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा आम्हा ज्यूंचा उपास) रात्री घरीच एखा (बायबलमधलं विलापगीत) ऐकता यावं यासाठी हे अ‍ॅप घेतलं. हिब्रू वाचन, खाली मराठी ओळी.

वाचणारा गृहस्थ उत्तम. तिसऱ्या अध्यायात ६६ वचनं, हिब्रू वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराने सुरू होणारी तीन-तीन. तो दर तिसऱ्या वचनाला जरा थांबतो, त्यामुळे जेमतेम हिब्रू येणाऱ्यालाही आपण कुठे आहोत ते कळतं. मागे बासरी-बिसरी नाही, हे फार बरं.

पण फुकटच्या आवृत्तीत जाहिराती! १४व्या वचनात विलाप करणारा म्हणतो, लोकांत माझं हसं झालंय, दिवसभर माझ्यावर गाणी म्हणतात. ते संपतं न संपतं तोच बिर्याणीवर सवलत. आम्ही बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) तिशा बआवला बिरड्याचा रोजा म्हणतो, वालाच्या बिरड्यावर सोडतो. आई म्हणाली, "मेल्यांनी बिरड्याची तरी लावायची!"

तेहिलीम (स्तोत्रं) मात्र मी एरवीही ऐकते. ६९वं स्तोत्र ऐकाच. माणूस रडतो, उपास करतो, तरट नेसतो, आणि टिंगल कोण करतं? दारुडे तर गाणी म्हणतातच, पण वेशीत बसणारेही. इथली टीप चांगली आहे: वेस म्हणजे न्यायनिवाड्याची जागा, रूथच्या गोष्टीत बोआझ गावचे दहा वडीलधारे तिथेच बसवतो. म्हणजे नावं ठेवण्यात प्रतिष्ठितही मागे नाहीत. टीपेतून ३५व्या स्तोत्राकडे मात्र नेलेलं नाही. तिथे ज्यांच्या आजारपणात यानं तरट नेसून उपास केले, तेच हा अडखळल्यावर जमून हसतात. मला तर ते जास्त झोंबतं. टीपेत शमुवेलची आई हन्नाही नाही. सवतीच्या टोमण्यांनी जेवण टाकून रडणारी, मुकाट्यानं ओठ हलवत प्रार्थना करणारी बाई, आणि एली याजक तिलाच प्यायलेली समजतो!

खरा घोळ क्रमांकांचा. ६९ला हिब्रूत शीर्षकच पहिलं वचन धरतात, मराठीत नाही. अ‍ॅप आपलं आकड्याला आकडा जोडतं. कानावर ११वं, उपासाचं. पडद्यावर ११वं, तरटाचं. ३५ला सगळं जुळतं, कारण तिथे शीर्षक पहिल्या वचनातच आहे. त्यामुळे चूक चटकन ध्यानातही येत नाही.

पैसे भरले की जाहिराती जातात, तेवढे भराच. क्रमांक सुधारेपर्यंत माझ्याकडून तीन तारे, तेही वाचणाऱ्याला.