एकच कॅप्सूल की दोन बाटल्या? जीवनसत्त्वे आणि औषधी मशरूमचे अर्क

जीवनसत्त्वांच्या जोडीला औषधी मशरूमचा अर्क घ्यायचा, इथपर्यंत ज्यांचे ठरले आहे, त्यांना पुढे एक साधा पण त्रासदायक निर्णय घ्यावा लागतो: दोन्ही एकत्र असलेली कॅप्सूल घ्यावी, की मल्टिव्हिटॅमिन वेगळे आणि अर्क वेगळा ठेवावा? मी दोन्ही पद्धतींनी घेऊन पाहिले आहे. रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स आणि टर्की टेल या औषधी मशरूमपैकी काय कशासाठी घेतात, हे वाचकांना ठाऊक असेल असे धरून चालतो. या अर्कांमागचा पुरावा जाहिरातींइतका भक्कम नाही, हेही ठाऊक असेलच. रेशीमुळे मधुमेहींच्या हृदयविकाराचा धोका कमी होतो, या दाव्याला २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत, आधार मिळाला नव्हता. तेव्हा अर्क घ्यावा की नाही हा वाद येथे नाही. घ्यायचाच असेल तर कोणत्या रूपात, एवढाच प्रश्न आहे.

एकत्र कॅप्सूलच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट आहे ती नियमितपणाची, आणि तिला कमी लेखू नये. जेवणानंतर एकदाच आठवण ठेवायची असल्यामुळे खाडे कमी होतात, प्रवासात एकच डबी पुरते आणि ड जीवनसत्त्वासारखे स्निग्ध पदार्थांबरोबर चांगले शोषले जाणारे घटक आपोआप जेवणाबरोबर पोटात जातात. ज्यांना आधीच इतर गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांच्या दृष्टीने एक बाटली कमी होणे ही लहान सोय नव्हे. मीही सुरुवातीला याच कारणासाठी एकत्र कॅप्सूल निवडली होती, आणि त्या काळात माझे खाडे खरोखरच कमी होते.

तिची पहिली अडचण जागेची. बाजारात नेहमी दिसणाऱ्या ‘००’ मापाच्या कॅप्सूलमध्ये एक मिलिलिटरपेक्षाही थोडी कमीच जागा असते, आणि तीत जीवनसत्त्वे, जस्त, मॅग्नेशियम असे सगळे बसवल्यावर मशरूमच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. लायन्स मेनबद्दल ज्या जपानी चाचणीचा दाखला वारंवार दिला जातो, त्या २००९ च्या चाचणीत सौम्य विस्मरण असलेल्या, ५० ते ८० वर्षे वयाच्या ३० जणांपैकी निम्म्यांना दिवसाला सुमारे ३ ग्रॅम भुकटी १६ आठवडे दिली होती. भुकटी आणि घट्ट अर्क यांची मात्रा सारखी धरता येत नाही हे मान्य करूनही, पाच-सहा मशरूम मिळून दीडशे मिलिग्रॅम भरणारी कॅप्सूल त्या प्रमाणाच्या आसपास कशी पोहोचणार, हे मला समजत नाही. त्यातही अमेरिकेच्या नियमांनुसार ‘खास मिश्रण’ म्हणून छापले की उत्पादकाला फक्त एकूण वजन सांगावे लागते. प्रत्येक मशरूम किती, हे सांगण्याचे बंधन नसते. मग दोन-तीन कॅप्सूल घ्याव्यात म्हटले, तर सोबतची जीवनसत्त्वेही दुप्पट-तिप्पट होतात. ब-६ च्या बाबतीत हे विशेष जपावे लागते, कारण युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी त्याची दैनंदिन कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, आणि मज्जातंतूंना होणारी इजा हेच तिच्यामागचे कारण आहे.

तरीही केवळ मात्रेच्या कारणावरून मी पद्धत बदलली नसती. ज्या गोष्टीने माझा कल ठरवला, ती वेगळीच होती: एकत्र कॅप्सूलमधून एखादी गोष्ट काढून ठेवता येत नाही. माझ्या थायरॉइडच्या तपासणीच्या आधी डॉक्टरांनी बायोटिन (ब-७ जीवनसत्त्व) काही दिवस बंद ठेवायला सांगितले. हे सांगणे योग्यच होते. अनेक प्रयोगशाळांतील रक्ततपासण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचे प्रथिन यांच्या घट्ट बंधावर चालतात, आणि रक्तात बायोटिन जास्त असेल तर निकाल फसवा येतो. थायरॉइड नीट असूनही ते अतिसक्रिय असल्यासारखे दिसू शकते, तर हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते असे मानले जाते. केस आणि नखांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत मात्र ते पाच-दहा हजार मायक्रोग्रॅमही असते. माझ्या कॅप्सूलमध्येही ते असेच सढळ हाताने घातलेले होते. ते थांबवायचे म्हणजे कॅप्सूल थांबवायची, आणि कॅप्सूल थांबवली की मला खरोखर गरज असलेले ब-१२ आणि ड तर थांबणारच, शिवाय ज्याचा बायोटिनशी संबंध नाही तो मशरूमचा अर्कही थांबणार.

पुढे दाढ काढायची वेळ आली तेव्हा हेच उलट दिशेने घडले. रेशीमुळे रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) एकत्र येणे मंदावू शकते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसल्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी तो बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूही करू नये. दंतवैद्यांनी रेशी थांबवायला सांगितला आणि पुन्हा सगळीच कॅप्सूल कपाटात गेली. एकाच कळीवर घरातले सगळे दिवे असावेत, तसा हा प्रकार होता. वेगळ्या बाटल्या असत्या तर पहिल्या वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरी बाजूला ठेवून बाकीचे सुरळीत चालू राहिले असते.

यालाच लागून आणखी एक गोष्ट येते. एकत्र कॅप्सूल घेताना मला अधूनमधून मळमळत असे आणि मी ते मशरूमच्या माथी मारत होतो. दोन्ही वेगळे केल्यावर लक्षात आले की अर्क मला बरा सोसतो, त्रास होतो तो उपाशीपोटी जस्त गेले की. अर्थात हे माझ्या एकट्याच्या पोटाचे निरीक्षण आहे, त्यावरून कोणी नियम करू नये. पण कोणता घटक सोसत नाही हे ओळखण्याची संधी वेगळ्या बाटल्यांत मिळते, एवढे नक्की म्हणता येईल.

एकत्र कॅप्सूलच्या बाजूने क जीवनसत्त्वाचा युक्तिवाद हमखास केला जातो: ते मशरूममधील बीटा-ग्लुकन या तंतुमय घटकाच्या लांब साखळ्या तोडते आणि त्यामुळे अर्क अधिक लागू पडतो. असे तुकडे होताना प्रयोगशाळेत दिसते, हे खरे. मात्र बीटा-ग्लुकन जीवनसत्त्वासारखे रक्तात शोषले जाऊन काम करते असे नाही. आतड्याच्या अस्तरातील रोगप्रतिकारक पेशी ते ओळखतात, असे मानले जाते. आणि समजा तो युक्तिवाद पूर्ण खरा मानला, तरी क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी त्याच घोटाबरोबर गिळायला काय हरकत आहे? उलट हे अर्क हवेतील ओलावा ओढतात, आणि ओलाव्यात क जीवनसत्त्व लवकर खराब होते. त्यामुळे महिनोन्‌महिने या दोघांना एकाच कवचात कोंडण्यात फायदा कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

चागा या आणखी एका औषधी मशरूमच्या बाबतीत तर क जीवनसत्त्वाशी ही जोडी मला सरळ टाळावीशी वाटते. चागात मुतखडे होण्यास कारण ठरणारे ऑक्झलेट भरपूर असते, आणि मोठ्या मात्रेत घेतलेल्या क जीवनसत्त्वाचाही काही भाग शरीरात ऑक्झलेटमध्ये बदलतो. चागाची भुकटी रोज चार-पाच चमचे सहा महिने घेतलेल्या एका वृद्ध स्त्रीची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद जपानमधील डॉक्टरांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली आहे. कॅप्सूलमधली मात्रा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे खरे. पण ज्यांना मुतखड्याचा इतिहास आहे त्यांनी चागा आणि क जीवनसत्त्व एकत्र असलेले मिश्रण कशासाठी निवडावे?

वेगळ्या बाटल्यांमुळे सगळे प्रश्न सुटतात, असेही नाही. अर्काची बाटली निवडताना डोकेफोड अधिक करावी लागते: तो मशरूमच्या वर उगवणाऱ्या भागाचा आहे की धान्यावर वाढवलेल्या कवकजालाचा, बीटा-ग्लुकन किती टक्के ते लिहिले आहे की नुसतेच ‘पॉलिसॅकराइड’ (लांब साखळीची सर्व कर्बोदके) म्हणून वेळ मारून नेली आहे, हे पाहावे लागते; त्या दुसऱ्या आकड्यात धान्याचा स्टार्चही मोजला जातो. रेशीमधील ट्रायटर्पीन ही कडू संयुगे पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागते, म्हणून रेशीचा अर्क दोन्ही पद्धतींनी काढलेला असल्यास बरा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतील फक्त पाच लेबलाशी जुळली होती, यावरून बाजाराची कल्पना यावी. फरक इतकाच की वेगळ्या बाटलीत हे तपासायला निदान लेबलावर जागा असते, आणि अर्क मनासारखा नसेल तर जीवनसत्त्वांना हात न लावता तेवढाच बदलता येतो.

ज्यांना दुसरे कोणतेही औषध चालू नाही, रक्ततपासण्या क्वचितच कराव्या लागतात आणि दोन बाटल्या म्हटले की दोन्ही विसरल्या जातात, त्यांनी एकत्र कॅप्सूल घेतली तर मी आग्रहाने अडवणार नाही. त्यांनी फक्त प्रत्येक मशरूमची मात्रा वेगळी छापलेली आणि बायोटिन माफक असलेली निवडावी, आणि तपासणीला किंवा दंतवैद्यांकडे जाताना लेबलाचा फोटो सोबत ठेवावा. माझ्याकडे सध्या मल्टिव्हिटॅमिन सकाळच्या जेवणाबरोबर आणि अर्क संध्याकाळी असा क्रम आहे; त्यात अर्काचा खाडा अधूनमधून होतो, आणि मला तो चालतो.